चाळीस एकरांचा पट्टा आणि काखडीचं पडीक रान

शेताचा आकार जपावा की शेतकऱ्याची मर्जी, हा वाद घालायला दोन माणसं लागतात. एक नुकतंच बाहेरचं जग पाहून आलेलं आणि दुसरं नोकरीभर लोकांच्या बांधावर साखळी ओढत फिरलेलं. आमच्या घरात दोन्ही आहेत. माझे यजमान भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले आणि आता निफाड तालुक्यातली आमची द्राक्षबाग बघतात. त्यांची भाची जर्मनीत इंजिनिअर आहे. यंदा दिवाळीला आली ती क्रोएशियातलं ह्वार नावाचं बेट बघून, आणि आल्यापासून तिच्या तोंडी स्टारी ग्रादशिवाय दुसरं गाव नाही. गोडबार छाटणी थोडी राहिली होती. तरी एका सकाळी तिघं नाशिकच्या पांडवलेण्याला निघालो. पायऱ्या चढताना दम लागेल आणि दोघं जरा गप्प बसतील, हा माझा हिशोब. दम मलाच लागला.

भाची : मामा, स्प्लिटहून मोठी बोट निघते, मोटारी पोटात घेऊन. दोनेक तासांत बेटावर उतरवते. समुद्राचं एक लांब बोट जमिनीत घुसलंय, त्याच्या टोकाला गाव. दगडी घरं, अरुंद बोळ. हेक्टोरोविच नावाच्या सोळाव्या शतकातल्या कवीनं बांधलेला वाडा आहे, त्यात खाऱ्या पाण्याचं तळं, तळ्यात मासे अजून फिरतात. पण गावाच्या पाठीमागे गेलात की खरी गोष्ट सुरू होते. सपाट मैदान, द्राक्षं आणि ऑलिव्ह, आणि मधून दगडी भिंती. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड.

मामा : म्हणजे कोकणातला गडगा.

भाची : गडगाच. फक्त हा ग्रीकांनी आखलेला. इसवी सनापूर्वी ३८४मध्ये पारोस बेटावरून माणसं आली, त्यांनी फारोस नावाचं शहर वसवलं आणि हे मैदान मोजून वाटून घेतलं. त्याच रेघा आज शेतांना आहेत. २००८मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं. राजवाडा नाही, देऊळ नाही, चक्क शेतं!

मामा : माप काय होतं?

मला हसू आलं. समोरची मुलगी निळ्या समुद्राचं सांगतेय आणि ह्यांना माप हवं. पण तिनं ते पाठ करून आणलं होतं.

भाची : लांबी ९०५ मीटर, रुंदी १८१. ग्रीकांचं एक स्टेडियन म्हणजे साधारण १८१ मीटर. तर एक बाय पाच.

मामा : म्हणजे सोळा हेक्टरच्या वर. चाळीस एकर झाले. आणि असे किती?

भाची : सत्तरच्या वर सांगतात. मैदानात एक जागाही दाखवतात, मोजणी इथून सुरू केली म्हणून. तिथे उभं राहिलं की रस्ते चारी दिशांना सरळ जातात. आणि एक हद्दीचा दगड सापडलाय, त्यावर नाव आहे. पायथेसचा मॅथिओस. त्याच्या शेताची हद्द.

मामा : हे मला आवडलं. दगडावर नाव. आमच्याकडे दगड असतो, नाव नसतं, म्हणून तर कोर्टं चालतात. पण एक सांग, दोन हजार चारशे वर्षांत तिथे कुणी बांध कोरला नाही?

भाची : कोरला असेल. आत तुकडेही पडलेत, नव्या भिंती आल्यात. मोठ्या रेघा मात्र राहिल्या.

मामा : राहिल्या, कारण दगड. रानातला दगड वेचायचा आणि कडेला टाकायचा, त्याची भिंत झाली. ती हलवायची तर पुन्हा सगळा दगड उचला. कोण मरायला उचलतोय? आपल्या काळ्या रानात दगड शोधायला डोंगराकडे जावं लागतं. बांध मातीचा. नांगराच्या प्रत्येक फेरीला वीतभर शेजाऱ्याकडे सरकतो. तिथली माणसं आपल्यापेक्षा शहाणी होती असं समजू नकोस. त्यांच्या दगडाला वजन होतं.

पहिला टप्पा आला. खाली फाळके स्मारक, पलीकडे महामार्ग, अंबडच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं आणि जिथवर नजर जाईल तिथवर इमारती. भाचीनं त्या बाजूला हात केला.

भाची : हे बघा. त्यांनी भिंत ठेवली, आपण काय ठेवलं? आपल्याही शेतांना इतिहास आहे. उलट आपला तर लिहून ठेवलेला आहे, ह्याच डोंगरावर. लोक येतात, फोटो काढतात, वडापाव खातात आणि उतरतात.

मामा : तू मला इतिहास नको शिकवू. मिराशींचं सातवाहनांवरचं पुस्तक मी सावानातून आणून वाचलंय. (सावाना म्हणजे नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, १८४०पासून चालू असलेलं. निवृत्तीनंतर ह्यांचं दुसरं ऑफिस.) पण आधी त्या चाळीस एकरांचं मिटव. पारोसहून बोटी आल्या तेव्हा ते मैदान रिकामं होतं का?

भाची जरा थांबली. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नाही.

भाची : नव्हतं. मूळची माणसं टेकडीवर एका गढीत राहात होती. डायोडोरस नावाच्या इतिहासकारानं लिहिलंय. सुरुवातीला ग्रीकांनी त्यांना राहू दिलं आणि आपण खाली किनाऱ्याला शहर बांधलं. पुढे खटके उडाले. टेकडीवाल्यांनी समोरच्या किनाऱ्यावरून इलिरियन लोकांना बोलावलं, ते होड्या भरून आले. मग सिराक्यूजच्या डायोनिसियसचा जवळचा सुभेदार लढाऊ जहाजं घेऊन ग्रीकांच्या मदतीला धावला. पाच हजारांहून जास्त मारले आणि दोन हजार पकडले, असं डायोडोरस सांगतो.

मामा : आणि मग चाळीस-चाळीस एकर, सारखे, सरळ रेघेत! बाई गं, जमिनीवर इतकी सरळ रेघ मारणारा माणूस नेहमी बाहेरचा असतो. त्याला ओढा कुठून वाहतो हे माहीत नसतं, आंब्याखाली कुणाचा म्हसोबा आहे हे माहीत नसतं. त्याला कागद दिसतो. गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी १८३०च्या दशकात इंदापुरापासून आपल्याकडची मोजणी बसवली. एका बैलजोडीला जेवढं कसता येईल तेवढा एक सर्व्हे नंबर, असा हिशोब. हिशोब वाईट नव्हता. तरी गावनकाशा उघडून बघ, आपले नंबर वाकडेच. कारण आधी माणूस होता, मग साखळी आली.

भाची : मग वाकडं ते आपलं आणि सरळ ते जुलमाचं, असं समजू का? गंगापूर धरणाचा कालवा सरळच जातो ना? त्याचं पाणी तुम्ही घेता.

मामा : घेतो. आणि तो कालवा ज्यांच्या रानातून गेला त्यांची मोजणी कुणी केली तेही मला ठाऊक आहे.

तिसऱ्या लेण्याशी आलो. गौतमी बलश्रीनं खोदवलेलं हे लेणं, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी. तिचा तो लांबलचक लेख सगळ्यांना माहीत असतो, त्यात तिच्या मुलाचा पराक्रम सांगितलाय. पण ह्याच व्हरांड्याच्या भिंतीवर त्या मुलाचे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे, दोन हुकूम कोरलेत, ते सहसा कुणी दाखवत नाही. आमच्या वादाचं मूळ तिथे होतं.

भाची : राज्याचं अठरावं वर्ष. बेनाकटकाच्या विजयी छावणीतून राजा गोवर्धनच्या अमात्याला, विष्णुपालिताला, कळवतो, की पश्चिम काखडी गावातलं दोनशे निवर्तनांचं, म्हणजे त्या काळच्या मापाचं, शेत, जे आजवर शत्रुराजा नहपानाच्या जावयाकडे, उषवदाताकडे होतं, ते ह्या डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं. त्याला सवलती : सरकारी माणसानं आत पाऊल टाकायचं नाही, कुणी हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही. आपल्या मॅथिओसच्या दगडावर फक्त नाव आहे. इथे गाव, क्षेत्र, आधीचा कब्जेदार, नवा कब्जेदार, शर्ती, सगळं!

मामा : सातबाराच आहे, नाही कोण म्हणतं. आता त्याच्या पुढचा वाच.

भाची : तुम्हीच सांगा, तुम्हाला सांगायचाय तो.

मामा : सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, राजा पुन्हा लिहितो. आता अमात्य श्यामक आहे, म्हणजे आधीच्याची बदली झाली म्हण. मजकूर असा, की काखडीत आम्ही जे शेत दिलं होतं ते कुणी कसत नाही आणि ते गावही ओस आहे. म्हणून नगराच्या शिवेवरच्या सरकारी रानातली शंभर निवर्तनं देतो. बघ! विजयी छावणीतून, सगळ्या शर्तींसकट, दगडावर कोरून दिलेलं दान. सहा वर्षांत पडीक. हुकूम आजही भिंतीवर आहे आणि काखडी कुठे गेली कुणाला ठाऊक. तुझ्या युनेस्कोला मी हेच विचारतो. सनद टिकते गं. रान टिकायला कसणारा लागतो.

मी म्हटलं, मोबदला मात्र तेव्हाही निम्माच दिला. दोनशेचे शंभर.

मामा : निम्मा दिसतो. पण काखडी लांब, ओसाड; हे शिवेवरचं. रेडी रेकनर लावला तर भिक्षूंचा फायदाच झाला असेल. आणि सहा वर्षांत चुकीची नोंद दुरुस्त होऊन नवा फेरफार झाला, हे आमच्या खात्याच्या माणसानं मान खाली घालून ऐकावं असं आहे.

भाची : पण मामा, तुम्ही हा लेख उलटा वाचताय. शेत पडलं, गाव उठलं, हे दोन हजार वर्षांनी आपल्याला कशामुळे कळलं? कोरून ठेवलं म्हणून. ते नसतं तर काखडी नुसती हरवली नसती, ती कधी होती हेही कळलं नसतं. मी जपा म्हणते ते ह्यासाठी. आणि काखडी का ओस पडली असेल? नहपानाशी लढाई नुकतीच झाली होती. जिंकलेली जमीन राजानं दान केली. कसणारे पळाले असतील, मेले असतील. म्हणजे इथेही तुमचा बाहेरचा माणूस आणि त्याची तलवार आहेच. फारोसवाल्यांनाच का बोलता?

मामांनी ह्यावर फक्त चष्मा पुसला. मला वाटतं हा मुद्दा तिचा झाला. लढाई किती मोठी होती याची खूण जवळच सापडली आहे. १९०६ साली सिन्नर तालुक्यात गोदाकाठच्या जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, १३,०००हून अधिक नाणी. त्यातल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. आणि ज्या नाण्यांवर तो मारला नव्हता, त्यांवर नहपानाचं नाव ग्रीक अक्षरांत आहे. बिघडलेली, वेडीवाकडी अक्षरं, पण ग्रीक. ह्वारला जायची गरज काय, असं मामा म्हणणार तेवढ्यात भाचीनंच ते तोंडून काढून घेतलं.

भाची : ग्रीक पाहायला ह्वारला जायची गरज नाही हे मलाही कळतं. सतराव्या लेण्यात जाऊ या. धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, दत्तामित्रीचा, उत्तरेकडचा यवन. त्यानं ते लेणं आणि पाण्याची टाकी आईवडिलांच्या नावानं खोदवली, सोबत मुलगा धम्मरक्षित. बापाचं, मुलाचं, नातवाचं, तिन्ही नावं इथली. स्वतःला यवन मात्र म्हणवून घेतो.

मामा : हा यवन मला मानवतो. त्यानं रान आखलं नाही, टाकी खोदली. डोंगरावर पाणी साठवायची सोय केली आणि गेला. लेणंसुद्धा पुरं झालेलं नाही.

भाची : तिकडेही पाणी साठवायचीच सोय आहे. नदी नाही, पावसाचं पाणी दगडी पन्हाळीतून टाक्यात घ्यायचं. मैदानात ठिकठिकाणी टाकी आहेत.

मामा : असं सांग ना मग आधी! पाण्याचं सांगायचं सोडून भिंतीचं सांगत बसलीस.

तिथून पुढे वाद जरा शुद्धीवर आला. दहाव्या लेण्यासमोरच्या सावलीत बसलो. हे उषवदाताचं, नहपानाच्या जावयाचं. त्याच्या लेखांत दानांची यादी एवढी मोठी आहे की वाचताना कंटाळा यावा : गावं, गाई, नारळाची झाडं, विणकरांच्या श्रेणींत व्याजानं ठेवलेले तीन हजार कार्षापण नाणी. मामांना त्यातली एकच ओळ आवडते.

मामा : नगराच्या शिवेवर, वायव्येला, एक शेत. ते त्यानं वाराहीपुत्र अश्वीभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांना विकत घेतलं, आणि शेत अश्वीभूतीच्या बापाचं होतं हेही नोंदवलं. त्यातून लेण्यातल्या भिक्षूंना अन्न मिळावं म्हणून दिलं. राजाचा जावई. हिसकावून घेता आलं असतं. त्यानं किंमत मोजली आणि वडिलार्जित असल्याची नोंदही ठेवली. श्रेणींतल्या ठेवींचे कागद, म्हणजे फळ्या, निगमसभेत लिहून ठेवल्याचं वेगळं सांगतो. ह्या माणसाला मी भूकरमापक म्हणून सलाम करतो. तो शक होता, बाहेरचाच होता, हे कबूल.

भाची : म्हणजे बाहेरचा माणूसही नीट वागू शकतो.

मामा : किंमत मोजली तर.

भाची : मग मी तेच म्हणते. ती शिवेवरची जागा आज कुठे असेल? नगराच्या वायव्येला म्हणजे गंगापूर रोडच्या बाजूला कुठेतरी. त्याच वाटेनं पुढे गोवर्धन, जिथल्या अमात्याला हुकूम जात होते. गाव त्याच नावानं आहे, शिवारात द्राक्षं आहेत, वायनरी आहेत, पर्यटक ग्लास हातात घेऊन सूर्यास्त बघतात. एकालाही माहीत नाही की ह्या शिवाराचा सरकारी पत्रव्यवहार दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. एक पाटी लावायला काय हरकत आहे? स्टारी ग्रादला सायकल घेऊन फिरा, जागोजागी सांगितलेलं असतं. लोक वाइन विकत घेतात ती त्या गोष्टीसकट. तुमच्या द्राक्षाला भाव मिळत नाही म्हणता, गोष्ट विका.

मामा : पाटी लाव. पाटीला माझी ना नाही. पण पाटीमागून नियम येतो. भिंत पाडू नका, विहीर इथे नको, शेडनेट उभं करू नका, प्लास्टिक आच्छादन दिसायला वाईट. आमचं रान बघ. वडिलांच्या वेळी ऊस होता, त्याआधी बाजरी-गहू. मी बाग लावली. गारपिटीनं, अवकाळीनं दोन-तीनदा झोपवली, तेव्हा अर्धी काढून टाकायची वेळ आली होती. उद्या पेरू लावीन, परवा काहीच नाही. वारसा म्हणून जाहीर केलेल्या शेतात मी द्राक्षं उपटू शकेन?

भाची : तिथेही उपटलीच की. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फायलोक्सेरा नावाच्या किडीनं मुळं खाल्ली, बागा बसल्या. माणसं समुद्रापार निघून गेली. ज्यांनी पुन्हा लावल्या त्यांनी अमेरिकन खुंटावर कलमं केली.

मामा : आपणही डॉगरिज खुंटावरच करतो. तोही तिकडचाच. आपल्याकडे कीड नाही, पाणी आणि क्षार यांच्यासाठी. म्हणजे बघ, वेल तिथला आणि इथला, मूळ दोघांचं अमेरिकेत.

भाची : मग आकार तोच राहून पीक बदलता येतं, हे सिद्ध झालं ना?

मामा : झालं हे सिद्ध की माणसं निघून गेली तेव्हा आकार राहिला. जिथे पैसा येतो तिथे शेताचा आकार राहत नाही, बिगरशेती होते. हे खाली पसरलंय ते काय आहे? जुन्या रेघा टिकलेलं रान मला दाखव, मी तुला तिथून बाहेर गेलेली पोरं दाखवतो.

हे ऐकून भाची चिडली, कारण ती स्वतः बाहेर गेलेली पोर. मी मध्ये पडले आणि म्हटलं, बागलाणातलं सांगा तिला. तिथे ह्यांची काही वर्षं बदली होती आणि तिथली एक गोष्ट हे दर पाहुण्याला सांगतात. भाचीला कशी सांगितली नव्हती कुणास ठाऊक.

मामा : मोसम आणि आरम नद्यांवर, तिकडे धुळ्याकडे पांझरेवर, फड आहेत. शेकडो वर्षांची पद्धत. नदीला छोटा बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या रानाचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक, सगळ्यांचं. यंदा ह्यात ऊस, तर त्यात भुसार, पुढच्या वर्षी पालट. आणि गंमत ही, की प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात. लांबोळक्या पट्ट्या, पाटापासून खाली उतरणाऱ्या. पहिल्यांदा नकाशा बघितला तेव्हा मला वाटलं कुणी तरी दारू पिऊन पोटहिस्से पाडलेत. एकाच माणसाचे चार ठिकाणी चार तुकडे, हे आमच्या दृष्टीनं पाप. १९४७च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्यानं हेच तर मोडायचं होतं.

भाची : मग?

मामा : मग एका म्हाताऱ्यानं मला उभं करून समजावलं. साहेब, पाणी कमी आलं की आम्ही ठरवतो, यंदा दोनच फड भिजवू. तिसरा कोरडा. पण तिसऱ्यात सगळ्यांचंच रान आहे आणि भिजलेल्या दोन फडांतही सगळ्यांचं आहे. त्यामुळे एकटा कुणी मरत नाही. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर हवालदार, त्यांची मजुरी सगळ्यांकडून. तुमचं एकत्रीकरण केलं तर एकाला सगळं बंधाऱ्याजवळ जाईल आणि एकाला सगळं शेपटाला. साखळी गुंडाळून मी चहा पिऊन आलो.

भाची : मामा! आणि तुम्ही तासभर मला सांगताय की आपल्याकडे जपण्यासारखं काही नाही!

मामा : आता ऐक. वर धरणं झाली, खाली विहिरी झाल्या. ज्याच्या विहिरीला पाणी त्याला फडाचं काय पडलंय? त्याला कांदा घ्यायचाय, डाळिंब घ्यायचंय. फडात राहायचं तर गावानं ठरवलेलं पीक. पाटाच्या पाण्यावर अवलंबून नसलेला माणूस ते का ऐकेल? बरेच फड मोडले. काही चालू आहेत, जिथे गरज आहे तिथे. तू तिथे वारशाची पाटी लाव, मोडलेला फड उभा राहील?

इथे मी माझं मत सांगून टाकते, कारण लिहिणारी मी आहे. त्या पट्ट्या कुणी पट्ट्यांसाठी जपल्या नव्हत्या. पाण्याची वाटणी जपली, पट्ट्या त्यामागून आल्या. फारोसच्या भिंतींचंही तसंच असावं. द्राक्ष आणि ऑलिव्ह एवढ्यावर गुजराण होत होती तोवर भिंत हलवायचं कारण नव्हतं. तेव्हा मामांचं निम्मं खरं. पण मामा एक सोडून देतात. साल्हेरचा किल्ला बागलाणातलाच. २०२५मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांच्या बारा किल्ल्यांत तो जागतिक वारसा झाला. किल्ल्यावर आज लढाई होत नाही म्हणून कुणी तो पाडा म्हणत नाही. तलवारीची गरज संपली तरी तट राखायचा आणि पाटाची गरज संपली की बंधारा बुजू द्यायचा, हा कुठला न्याय? पाण्याच्या वाटणीची अक्कल तटबंदीपेक्षा कमी मोलाची आहे काय? मी हे बोलले तेव्हा दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मग मामा म्हणाले, किल्ल्यात कुणी राहत नाही, त्याचा सातबारा भांडायला येत नाही. हेही खरंच.

भाची : फडात बायकांचा तुकडा असायचा का?

मामा : जिचा नवरा गेला तिच्या नावावर असायचा. का?

भाची : त्या काखडीच्या दुसऱ्या हुकुमात राजा एकटा नाहीये. गौतमीपुत्राच्या नावानं आणि राजमातेच्या नावानं, असा तो आहे. जमीन देण्याच्या हुकुमावर आईचंही नाव. ह्या दहाव्या लेण्यात एक खोली दक्षमित्रेच्या नावानं आहे, उषवदाताच्या बायकोच्या. फारोसला त्या सत्तर पट्ट्यांत एकही बाईचा नसेल, मला माहीत आहे. पण इथे दगडावर बायकांची नावं आहेत.

मामा : राण्या होत्या त्या.

भाची : हो. माझी आई राणी नाही. तिनं हक्कसोड पत्रावर सही केली.

वारा असूनही मला एकदम उकडायला लागलं. नणंदबाईंनी सही केली तेव्हा मी तहसीलच्या आवारात त्यांच्याशेजारीच उभी होते. त्या म्हणाल्या होत्या, भावाचं घर उघडं राहू दे म्हणजे झालं. महाराष्ट्रात मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क १९९४च्या दुरुस्तीनं मिळाला, देशभर २००५ला. सही त्यानंतरची आहे.

मामा : तिनं राजीखुशीनं केली.

भाची : कुणी जबरदस्ती केली असं मी म्हणत नाही. एवढंच विचारते, की बांध जपायचा नाही, आकार जपायचा नाही, कसणाऱ्याची मर्जी महत्त्वाची, हे सगळं पटलं. तर कसणारा कोण, हे कुणी ठरवलं? आजीबरोबर छाटणीला आई जायची. मामी सांगेल.

मी म्हटलं, जायची. माझ्या लग्नाच्या वर्षीही जायची, आणि माझ्यापेक्षा तिचा हात चालायचा.

मामा बराच वेळ खालच्या शहराकडे बघत होते. मला वाटलं आता चिडतील. पण नोकरी माणसाच्या अंगात मुरलेली असते. त्यांनी खिशातून पेन काढलं, तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चौकोन काढला आणि आत दोन रेघा मारल्या.

मामा : हे बघ. विहीर इथे. पूर्वेकडून वाट. हक्कसोड नोंदणीकृत आहे, ते आपोआप रद्द होत नाही. तिला परत द्यायचं तर मला बक्षीसपत्र करावं लागेल. बागायताला तुकडा दहा गुंठ्यांच्या खाली जाता कामा नये, २०२३ची अधिसूचना आहे. तसा तो जाणार नाही, भरपूर आहे. पण आधी पोटहिस्सा मोजणीचा अर्ज टाकावा लागेल.

भाची : टाका मग.

मामा : बहीण हो म्हणाली तर. तिला विचारलंयस का?

भाची : नाही.

मामा : मग आधी तिला विचार. आणि मोजणी आता नाही होणार, छाटलेल्या काड्या अजून ओळींत पडल्यात. विहिरीवरून वाटेचा हक्क कसा लिहायचा ते मी बघतो. वाट आणि पाणी लिहिलं नाही तर कागदाला अर्थ नाही.

भाची : अश्वीभूतीच्या शेताला वाट लिहिली होती का?

मामा : दिशा लिहिली होती. आमचे लोक तीही विसरतात. चल, ऊन चढलं. उतरताना डाव्या बाजूनं, पायऱ्या तिथे कमी झिजल्यात.